दार वाजण्याआधी बंद केलेलं गाणं

दादा, त्या अँप्लिफायरची कुठली वायर कुठे जाते हे कुणाला तरी सांगून ठेवायला तुझं काय बिघडलं असतं रे? गुरुवारी अख्खी दुपार मी तुझ्या बेसमेंटमध्ये जमिनीवर बसून वायरी ओढत होते. स्पीकरच्या मागे हे एवढं कोळ्याचं जाळं, आणि त्यात तुझा तो चष्मा, ज्याच्यासाठी तू वहिनीला आठवडाभर छळलं होतंस. वहिनी वरून विचारतेय, "जमलं का गं?" आणि तुझी लेक जिन्यात बसून मला सांगतेय, "आत्या, जस्ट यूज ब्लूटूथ." ब्लूटूथ! तुझ्या घरात! तू असताना हा शब्द काढायची हिंमत झाली असती का ईशाची?

शनिवारी तुझ्यासाठी माणसं जमायची होती. गुरुजींनी घरातलं सगळं आटोपलं होतं, पण कामाच्या वारी इथे कुणाला रजा मिळते? म्हणून बाकीच्यांसाठी शनिवार. कम्युनिटी सेंटरचा हॉल, चहाचे मोठे थर्मास, प्रत्येकाने घरून आणलेलं काही ना काही. वहिनीने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मला एकच काम दिलं. "गाण्याचं तू बघ. त्यांचा तो अल्बम लाव. पण त्यांना आवडायचा तसाच लाव हं."

तुला आवडायचा तसा, म्हणजे शेवटचं गाणं अर्ध्यात तोडून. मी म्हटलं, नाही वहिनी, पूर्ण लावणार. जन्मभर या माणसाने मला ते गाणं त्याच्यादेखत पूर्ण वाजवू दिलेलं नाही. आता वाजवते. बघू कोण अडवतं.

रागावलेय मी तुझ्यावर, हे आधीच सांगून टाकते. लोक मिठी मारून "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणतात, मी मान हलवते, पण आत डोकं नुसतं तापलेलं आहे. बर्फ शोव्हल करू नकोस, हार्टला झेपणार नाही म्हणून डॉक्टरने सांगितलं, वहिनीने सांगितलं, मी फोनवर ओरडून सांगितलं. शेजारचा तो बिचारा माणूस स्नो-ब्लोअर घेऊन दारात उभा होता. मी करून देतो म्हणाला. आणि तू त्याला काय सांगितलंस? मशीनचा आवाज फार होतो! तू! डुप्लेक्समधल्या तुमच्या दोन घरांत मिळून एकच भिंत, आणि तुझ्या स्पीकरने त्याच्या बाजूच्या फ्रेमा वाकड्या व्हायच्या, त्या माणसाला तू आवाजाचं सांगितलंस! अर्धा ड्राइव्हवे साफ केलास आणि तिथेच बसलास. उरलेला बर्फ त्यानेच काढला, अँब्युलन्सला आत येता यावं म्हणून, रडत रडत. अर्ध्यात सोडायची तुला सवयच. यावर मी आणखी काही बोलणार नाही, कारण बोलले तर तुला आवडेल.

ईशाला मी त्या दिवशी जिन्यात सगळं पहिल्यापासून सांगितलं. तू तिला तुझ्या सोयीचं तेवढंच सांगितलं होतंस. तिला वाटत होतं तो अल्बम खरोखरच तिथे, अर्ध्यातच संपतो आणि आत्याकडे कुठलीतरी भलतीच आवृत्ती आहे. म्हणजे कमाल आहे तुझी.

तर खरं ते असं. नागपूर. मी चौथीत, तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तुझ्या मित्राच्या काकांनी अमेरिकेतून तिथल्या एका रॉक बँडची रेकॉर्ड आणली होती. कव्हरवर वाळवंट, मधोमध एक दोरी, दोरीवर वाळत घातलेले सदरे. माणूस नाही, काही नाही. आईने ते हातात घेऊन विचारलं, "हे काय, वाळवण?" तेव्हापासून आपल्या घरात त्या अल्बमचं नाव वाळवण. आपल्याकडे रेकॉर्ड प्लेअर कुठला असायला! बर्डीवरच्या बाजारात कॅसेटी भरून देणारा एक जण होता. त्याच्याकडे तू ती रेकॉर्ड आणि एक कोरी कॅसेट नेऊन दिलीस. कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. रेकॉर्डची दुसरी बाजू त्याहून लांब. त्या भल्या माणसाने सुई ठेवली, बटण दाबलं आणि चहा प्यायला गेला असणार. टेप संपली, गाणं राहिलं. रेकॉर्ड काकांकडे परत गेली आणि आपल्याकडे उरली ती कॅसेट. एवढीच गोष्ट आहे. यात कला नाही, तत्त्वज्ञान नाही, बर्डीवरचा चहा आहे.

पण ते शेवटचं गाणं. ते मात्र होतंच तसं. एक माणूस किती तरी वर्षांनी आपल्या गावी परततो. बसमधून उतरतो, अंधारातून चालत येतो, घराच्या खिडकीत दिवा दिसतो. एकच गिटार, आणि गाणारा जवळजवळ बोलतच असतो. तो फाटक ढकलतो, पायऱ्या चढतो, दार वाजवायला हात वर करतो. आणि खट्! टेपरेकॉर्डरचं बटण वर. मला इंग्रजी येत नव्हतं, तू ओळ ओळ थांबवून सांगायचास. मेमधलं नागपूर, बाहेर नुसती आग, आणि गाणं ऐकू यावं म्हणून तू कूलर बंद करायचास. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरीला उकडून मारशील काय रे?" मी म्हणायचे, मला नाही उकडत. घामाने फ्रॉक पाठीला चिकटलेला असायचा.

"पुढे काय झालं?" मी विचारायचे, आणि तू सांगायचास. रोज वेगळं. एके दिवशी दार त्याच्या मावशीने उघडलं आणि आधी चपला बाहेर काढ म्हणून झापलं. एके दिवशी आत भलतेच भाडेकरू निघाले, पण चांगले होते, त्यांनी त्याला जेवू घातलं. एके दिवशी नुसत्या कुत्र्याने ओळखलं. एकदा तू त्याला दार न वाजवताच परत पाठवलंस, तेव्हा मी एवढा गळा काढला की आई येऊन तुझ्या पाठीत धपाटा घालून गेली. मग तू घाईघाईने त्याला चौकातून मागे फिरवलंस. इथपर्यंत तू माझा देव होतास, हे मान्य.

भांडण सुरू झालं ते इथे कॅनडात आल्यावर. तू नोकरीसाठी आधी बर्नाबीला आलास, मी काही वर्षांनी लग्न होऊन कोक्विटलामला. पहिल्या हिवाळ्यात मला गाडी येत नव्हती, ओळखी नव्हत्या, चार वाजताच अंधार. नवरा ऑफिसला गेला की मी बस पकडून उगाच दुकानं हिंडायचे. अशाच एका जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात, खोक्यातल्या रेकॉर्डा मागेपुढे करताना, वाळवण! तीच दोरी, तेच सदरे. मी अशी किंचाळले की दुकानवाला धावत आला, "आर यू ओके?" त्याने मला कोपऱ्यातल्या प्लेअरवर हेडफोन लावून दिले. मी थेट शेवटचं गाणं लावलं. हात वर गेला. मी सवयीने खट्ची वाट पाहत होते.

आणि दादा, तो हात खाली आला. ड्रमवर तीन ठोके. ठक, ठक, ठक. मग दार उघडल्याचा आवाज, आणि मग सगळेच्या सगळे एकदम. ट्रम्पेट, पेटीसारखं काहीतरी, मागे कुणाची तरी पोरं, आणि बेसूर ओरडणारा एक जण, जो बहुतेक ड्रमवालाच असावा. लग्नघरात शिरल्यासारखा नुसता कल्ला, आणि तो संपायचं नाव घेत नाही. मी त्या दुकानात उभी राहून हसत होते आणि नाक पुसत होते. इतकी वर्षं हे तिथे होतं आणि आपल्याला माहीतच नव्हतं!

तुझ्या वाढदिवसाला रंगीत कागदात गुंडाळून ती रेकॉर्ड मी तुला दिली. तू कव्हर पाहून लहान पोरासारखा नाचलास. लगेच लावलीस, डोळे मिटून बसलास. शेवटचं गाणं आलं. मी तुझ्या तोंडाकडे टक लावून बसलेली. हात वर गेला. आणि तू उठलास, सुई उचललीस, आणि म्हणालास, "झालं."

"झालं काय? पुढे आहे!"

"पुढचं कंपनीने जोडलंय."

"कंपनी कशाला जोडेल?"

"अमेरिकन लोकांना सगळं गोड लागतं शेवटी."

"अरे, बँडच अमेरिकन आहे!"

"बँड थोर आहे. कंपनी नाही." वर तू हेही म्हणालास, की बर्डीवरच्या त्या माणसाला बरोबर कळलं होतं कुठे थांबायचं ते. चहा प्यायला गेलेल्या माणसाला! वहिनी भज्यांची ताटली घेऊन उभी. ती पुण्याची, तिला आपलं हे तोंडाला तोंड देणं नवीन. म्हणाली, "तुम्हा नागपूरकरांना भांडायला विषय कमी पडतात का हो?" मी म्हटलं, "काहून कमी पडतील? हा आहे ना घरात."

त्यानंतर किती जागी, किती वेळा, कोण मोजतंय? तुझ्या घरी, माझ्या घरी, कुणाच्या बार्बेक्यूला. खिडकीतला दिवा आला की तुझी खुर्ची करकरायची. गाडीत तर तू हायवेवर ऐंशीच्या स्पीडला हात लांब करून सीडी बाहेर काढायचास, आणि मी म्हणायचे, एक दिवस मरशील याच्यापायी. तर ते नाही, बर्फापायी. मी हरेक प्रकार करून पाहिला. प्लेअरसमोर उभी राहिले, रिमोट लपवला, एकदा तर तू बाहेर ग्रिलवर असताना लावलं. चिमटा हातात घेऊन धावत आलास. नाहीच. आणि रात्री ईशाला झोपवताना तेच दुकान चालू, दार कोणी उघडलं, आत कोण होतं. कॅनडात आल्यावर तुझ्या त्या दारामागे इथल्या जंगलातला तो सांबरासारखा मूससुद्धा यायला लागला होता.

आणि गेल्या वर्षीचा तो पराक्रम. बँड म्हातारा झालेला, शेवटचं फिरून घेऊ म्हणून दौऱ्यावर निघालेला, आणि व्हँकुव्हरला वाळवण अख्खा वाजवणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी तिकिटं काढली. मनात म्हटलं, आता कुठे जाशील? इथे सुई तुझ्या हातात नाही. दुसऱ्याच गाण्याला तू रडायला लागलास. माझा हात धरून बसलास, टिश्यू मागितलास, मला वाटलं, चला, विरघळला. शेवटचं गाणं सुरू झालं, तो माणूस बसमधून उतरला, आणि तू माझ्या कानात म्हणालास, "वॉशरूमला जाऊन येतो."

मी तुझं जॅकेट धरलं. तू जॅकेटमधून बाहेर पडलास! सगळी रांग गुडघे आखडून घेतेय, तू "सॉरी, सॉरी" करत चाललायस, आणि मी तुझं रिकामं जॅकेट धरून बसलेली. त्या पांढऱ्या केसांच्या गायकाने माइकवर बोटं आपटून ठक ठक ठक केलं आणि अख्खं स्टेडियम उठून गायला लागलं. बाहेर आले तर तू काउंटरला टेकून पॉपकॉर्न खातोयस. "संपलं?"

मी म्हटलं, "दादा, तो माणूस स्वतः गायला. स्वतःच्या तोंडाने. तिथे कंपनी नव्हती."

तू विचार केल्यासारखं केलंस. "म्हातारा झालाय गं तो. विसरला असेल कुठे थांबायचं ते."

स्कायट्रेनमध्ये मी तोंड फिरवून बसले. तुझं स्टेशन आलं तेव्हा तू दाराशी उभा राहून विचारलंस, "तुला आवडतं ना ते पुढचं?" मी फणकाऱ्याने म्हटलं, "हो, आवडतं." "मग झालं तर," म्हणालास आणि उतरलास. हे काय उत्तर झालं का? त्या दिवसापासून माझ्या मनात एकच प्रश्न आहे, की तू ते ऐकलं होतंस का रे? कधी तरी, एकटा, बेसमेंटमध्ये, वहिनी ग्रोसरीला गेलेली असताना? ऐकून मग नाही म्हणत होतास, की खरंच कधी ऐकलंच नाहीस? मी विचारणार होते. दर रविवारी तू तर्री-पोहे खायला यायचास आणि दर रविवारी दुसराच विषय निघायचा. विंटर टायर्स, तुझं कोलेस्टेरॉल, ईशा कोणाबरोबर फिरते. म्हटलं, विचारू पुढच्या रविवारी, हा कुठे पळून जातोय.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही, ती सांगते. आई गेली तेव्हा आपल्या दोघांनाही वेळेत पोचता आलं नव्हतं. सगळं व्हिडिओवर पाहिलं. फोन बंद झाल्यावर मी किचनमध्ये फरशीवर बसले होते, ते उठवेना. तू बर्नाबीहून आलास, बूटही न काढता माझ्याशेजारी खाली बसलास. मग म्हणालास, "दार आईने उघडलं." मी तुझ्याकडे पाहिलं. "उघडलं, आणि म्हणाली, केव्हाचा उभा आहेस बाहेर? हात धू, पानं घेतलीत." मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून तेव्हा कुठे मोकळी रडले. त्या दिवशी तू नसतास तर माझं काय झालं असतं, मला माहीत नाही. एवढं मोठं देऊन गेलास आणि मी तुला साधं "बरं वाटलं रे" एवढंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून भांडले ते वेगळंच. फरशीवर तुझ्या बुटांचा चिखल होता म्हणून.

तर शनिवार. वायरींचं शेवटी ईशानेच इंटरनेटवर बघून जमवलं. हॉल भरला होता. तुझ्या ऑफिसचे होते, मंडळातले होते, शेजारी टाय लावून आला होता. तुझ्या मॅनेजरने तुझ्याबद्दल असं काही भाषण केलं की मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आलाय. शांत आणि समजूतदार म्हणे! वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे, आणि आम्हाला दोघींना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. मग मी सुई ठेवली.

खिडकीतला दिवा आला तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "अजून सांगते, तोड गं. त्यांना नाही आवडायचं." मी मान हलवली. माझं ठरलेलं होतं. खोटं कशाला बोलू, मला जिंकायचं होतं. तुला सगळ्यांसमोर, तुझ्याच अँप्लिफायरवर, तुझ्याच स्पीकरमधून हरवायचं होतं. फाटक ढकललं गेलं. पायऱ्या. माझी पाठ आपोआप ताठ झाली, मी कान मागे लावले, खुर्ची करकरेल म्हणून. "खाली बस!" हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. हात वर गेला.

ठक, ठक, ठक.

वहिनीने झटकन मान वर केली. "अगं बाई! एवढं होतं पुढे?" इतक्या वर्षांच्या संसारात तिने ते ऐकलं नव्हतं. ईशाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी तिला विचारलं, "तू कधी शोधून ऐकलं नाहीस?" ती म्हणाली, "नो, आत्या. इट वॉज बाबाज. फेल्ट लाइक चीटिंग." तोवर दार उघडलं होतं आणि सगळे गायला लागले होते, ट्रम्पेट, पोरं, तो बेसूर ड्रमवाला. लोकांना काय माहीत! मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या धरल्या, मग पुढच्यांनी. शेजारी टाय सैल करून मान डोलावत होता. वहिनी रडता रडता पायाने ताल देत होती. सगळ्यांना आवडलं, दादा. मी सांगत नव्हते का तुला, सगळ्यांना आवडतं ते?

गाणं शेवटपर्यंत वाजलं. ते इतकं लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं. आणि एवढ्या भरलेल्या हॉलमध्ये ते बंद करायला एकही माणूस उठला नाही. मी वाट पाहिली रे. शेवटची ओळ झाली, टाळ्याही थांबल्या, तरी मी प्लेअरशेजारी हात आवळून तशीच उभी होते.

जिंकले मी. झालं समाधान? आता ऊठ. ऊठ ना रे दादा, आणि बंद कर ते.